अनुभव धागा : धंद्याचं पहिलं वर्ष – कुठे अडलं, कशाने सुटलं?

नोकरी सोडून किंवा सांभाळून स्वतःचं काही सुरू केलेल्यांनी इथे लिहावं. 'मेहनतीला पर्याय नाही' छाप वाक्यं नकोत. कर्ज, परवाने, उधारी यात नेमकं काय घडलं ते सांगा.

मसाले-चटण्या, सांगली जिल्हा
ओळखीच्यांना घरचा मसाला देत होते तोवर काही अडलं नाही. दुकानात नेला तर दुकानदार म्हणाला, "ताई, वास झकास आहे, पण पाकिटावर नंबर कुठाय?" एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी क्रमांक, वजन, बॅच, तारीख, हिरवा ठिपका हे सगळं छापल्यावरच माल फळीवर चढला. नोंदणी वाटली होती त्याहून सोपी निघाली.

कांडप यंत्रासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून (पीएमएफएमई) कर्ज काढलं. 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख. प्रकल्प अहवाल आणि अर्जासाठी जिल्ह्याला संसाधन व्यक्ती नेमलेली असते, तिने एक पैसाही न घेता सगळं करून दिलं. पण एक ध्यानात ठेवा, अनुदान रोख हातात पडत नाही. बँक ते बाजूला ठेवते आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले, धंदा चालू राहिला, तरच कर्जात वळतं करते. त्याच्या भरवशावर मिरची खरेदी करायला जाल तर फसाल. ब्याडगी आणि गुंटूर हंगामातच घेऊन ठेवावी लागते. वर्षभराचा पैसा एका महिन्यात पोत्यांत अडकतो आणि सुटतो पाव-पाव किलोच्या पाकिटांतून! यंत्राला कर्ज मिळालं, खेळत्या भांडवलाला मात्र दागिने ठेवले.

सुटे भाग, भोसरी
आमचं दुखणं उधारीचं. माल आज उचलणार, पैसे 90 दिवसांनी. कायदा (2006 चा) सांगतो की सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर चक्रवाढ व्याज. पण ते कलम दाखवलं की पुढची पर्चेस ऑर्डर येत नाही, हे शॉपफ्लोअरवरच्या पोरालाही माहीत असतं.

फरक पडला तो आयकराच्या नियमाने. पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खर्चाची त्या वर्षी वजावट नाही, हे 2023-24 पासून लागू झालं आणि मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म-लघु उद्योग असल्याच्या सरकारी नोंदणीचं) मागू लागले. एका गिऱ्हाइकाने तर "उद्यम रद्द करून या" असंही सुचवलं. धन्य! मोठ्या कंपन्यांची बिलं हल्ली ट्रेड्सवर (बिलाचे पैसे मुदतीआधी मिळवून देणारा ऑनलाइन मंच) टाकतो. थोडं व्याज कापलं जातं, पण पगाराच्या तारखेला झोप लागते.

शिवणकाम, वर्धा
पहिल्यांदा घेणाऱ्याला मुद्रा कर्ज 10 लाखांपर्यंत विनातारण असतं, तरी शाखेत पहिला प्रश्न "घर कुणाच्या नावावर?" शेवटी बचत गटातून छोटं कर्ज घेऊन पिको-फॉलची मशीन आणली. ते फेडल्याची नोंद दाखवल्यावर त्याच शाखेने मुद्रा दिलं.

ॲप बनवतो, पुणे
उद्यम नोंदणीला सरकारी फी शून्य आहे. एजंटला पैसे देऊ नका. हेच प्रमाणपत्र जोडलं तर ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज कंपनीलाही 9,000 ऐवजी 4,500 रुपयांत होतो.

मसाले-चटण्या, सांगली जिल्हा
भोसरीवाले दादा, तो 45 दिवसांचा नियम किराणा दुकानदारालाही लागतो का?

सुटे भाग, भोसरी
लागतो, माल तुम्ही स्वतः बनवता ना! नुसत्या ट्रेडिंगवाल्यांना तो फायदा नाही. पण चार हजारांच्या बिलासाठी सुविधा परिषदेचे (अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणारी सरकारी यंत्रणा) खेटे कोण घालणार? आधीचं बिल मिटल्याशिवाय पुढचा माल टाकू नका, ताई.

मसाले-चटण्या, सांगली जिल्हा
दिवाळीपासून तेच करतेय. दोन दुकानं सुटली. त्यातलं एक मोठं होतं.