टर्मिनस की टर्मिनल? तुमचे किस्से येऊ द्या

खारची_मामी
सकाळी भाचीचा फोन. "मामी, टर्मिनसवर सोडायला येशील? दुपारची फ्लाइट आहे." म्हटलं, बाई गं, विमान टर्मिनसवर कधीपासून लागायला लागलं?
आणि आमचे अण्णा आठवले. गोदीत नोकरी, शिक्षण जुनी मॅट्रिक, पण इंग्रजीचा भारी सोस. त्यांचा नियम ठरलेला: रूळ संपून गाडी बफरला टेकते ते टर्मिनस, माणसं नि सामान आत-बाहेर करायची इमारत ते टर्मिनल, मग विमानाचं असो, बोटीचं असो. १९९६ साली व्हीटीचं नाव बदललं तेव्हा पेपर आईसमोर धरून म्हणाले, "बघ, टर्मिनस तेवढं ठेवलंय हो!" आई मेथी निवडत होती. "बरं," म्हणाली.
तुमच्याकडे या दोन शब्दांवरून काय काय झालंय?

हार्बरचा_पंप्या
आमच्या चर्चगेटला पण रूळ संपतात की. त्याला कोण टर्मिनस म्हणतं? आणि मुंबई सेंट्रल वेस्टर्नवर. आधी त्याचा निकाल लावा.

गिरगावकरीण
आमची सहामाही असायची आणि चाळीतल्या कॉन्व्हेंटवाल्यांची 'फर्स्ट टर्मिनल'. आजी त्यांना विचारायची, टर्मिनल म्हणजे शेवटची ना रे, मग एप्रिलात परत कसली देताय?

हार्बरचा_पंप्या
😂😂 आजी बरोबर

शब्दखोर
मूळ एकच. टर्मिनस हा रोमन लोकांचा हद्दीच्या दगडाचा देव, आपल्या शिवेवरच्या म्हसोबासारखा. अण्णांचा नियम ब्रिटिश वळणाचा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल, १९१३ चं, रूळ तिथेच संपतात, तरी नाव टर्मिनल. आणखी एक, टर्मिनस नुसतं नाम. टर्मिनल विशेषणही होतं, मग ते आजारालाही लागतं नि परीक्षेलाही. (कुकर झाला, बाकी नंतर)

निशिगंध७
आजाराचं निघालंच आहे तर. सासऱ्यांच्या फाइलवर तो शब्द होता. परळला हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये धाकटे दीर वाचून म्हणाले, "टर्मिनल? म्हणजे दुसऱ्या बिल्डिंगमध्ये हलवणार का?" कोणी काही बोलेना. मग डॉक्टरीणबाई आमच्या शेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, आता औषध आजारावर नाही, दुखणं कमी करण्यासाठी. बाईंनी तो शब्द एकदाही उच्चारला नाही. दीर अजून एअरपोर्टला गेले की नुसतं 'टी टू' म्हणतात.

गिरगावकरीण
निशिगंध, 🙏 काय लिहू कळत नाही.

खारची_मामी
अगं... सावकाश लिही हवं तर. आम्ही आहोत.

विक्रोळी_स्लो
मी मेसेज वरपासून वाचले नाहीत. पण वांद्रे टर्मिनसचं कोणी विचारत असेल तर वांद्र्याला उतरू नका, बॅगा घेऊन रिक्षावाल्यांशी घासाघीस करावी लागते. खारला उतरा, पुलावरून सरळ आत. कुर्ला टर्मिनसला टिळकनगर जवळ.

हार्बरचा_पंप्या
कोणी विचारलं नव्हतं, पण उपयोगी 👍 माझ्या मते टर्मिनस म्हणजे जिथे लोकल रिकामी होते आणि तरी चौथी सीट मिळत नाही, कारण रिटर्नवाले आधीच्या स्टेशनपासून आत बसून आलेले असतात.

कुडाळची_सून
विषय निघालाय म्हणून, मत्स्यगंधा कुर्ल्याहूनच ना? आणि तुतारी दादरहून? तिथे फलाटांचे आकडे बदललेत म्हणे.

विक्रोळी_स्लो
हो, दोन्ही बरोबर. दादरला मध्य रेल्वेचे फलाट आता ८ पासून सुरू. २०२३ च्या डिसेंबरपासून.

कुडाळची_सून
थँक्यू दादा. चतुर्थीच्या आदल्या दिवसाचं वेटिंग ४२ आहे, होईल का?

शब्दखोर
गणपतीचं आणि ४२? ताई, एसटी बघा.