ऑनलाइन स्लॉट: भरण्याची रक्कम बांधून दिली की पुरे?

प्रश्न: ऑनलाइन जुगाराच्या नियमांवर बोलताना सगळा भर ‘महिन्याला इतकेच पैसे भरता येतील’ यावर असतो. तेवढ्याने खेळणारा वाचतो का? आणि ९६ टक्के परतावा देणाऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे पैसे लावून चित्रांची चक्रं फिरवायच्या खेळात, माणूस बुडतो कसा?

उत्तर १: हे ९६ टक्के खात्यात भरलेल्या रकमेवर नसतात, प्रत्येक स्पिनला, म्हणजे चक्रं एकदा फिरवताना, लावलेल्या पैशांवर असतात. जिंकलेले पैसे पुन्हा लावले की त्यातूनही सरासरी ४ टक्के जातात. अडीच सेकंदांना एक स्पिन धरला तर तासाला १,४४० स्पिन. प्रत्येकी १ पौंड लावला तर सरासरी तोटा तासाला ५७.६० पौंड. तेच स्पिन ५ सेकंदांचं केलं की तोटा निम्म्यावर येतो. म्हणून वेगालाही लगाम हवाच. ब्रिटनमध्ये २०२१पासून ऑनलाइन स्लॉटला किमान अडीच सेकंदांचं बंधन आहे. जर्मनीत ५ सेकंद आणि स्पिनला कमाल १ युरो.

उत्तर २: वेगाइतकाच घातक प्रकार म्हणजे विजयाचा आभास. १ पौंड लावला, ३० पेन्स परत आले, म्हणजे ७० पेन्स गेले. तरी पडदा लखलखतो, गाणं वाजतं. मेंदू ते जिंकणं म्हणूनच नोंदवतो. ब्रिटनने हे बंद केलं, ऑटोप्ले, म्हणजे बटण न दाबता आपोआप होत राहणारे स्पिन, तेही बंद केले. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिसरा नियम: एकदा पैसे काढायची विनंती केली की ती मागे घेऊन पुन्हा खेळता येत नाही. पैसे हातात पडेपर्यंतचा काळच सर्वांत मोहाचा असतो.

उत्तर ३: पैशांची मर्यादा निरुपयोगी नाही, ती एकेका साइटपुरती ठेवली तर मात्र फसते. चार साइटवर चार खाती उघडली की संपलं. जर्मनीतली महिना १,००० युरोंची मर्यादा सगळ्या परवानाधारकांना मिळून आहे, मध्यवर्ती नोंदीतून तपासली जाते. मर्यादा कमी केली तर तत्क्षणी लागू व्हावी, वाढवायची असेल तर किमान २४ तास थांबावं लागावं.

प्रश्नकर्ता: आणि स्वतःहून खेळणं बंद करून घेण्याची सोय?

उत्तर ३: ब्रिटनची गॅमस्टॉप, स्वीडनची स्पेलपाउस, ऑस्ट्रेलियाची बेटस्टॉप, या तिन्हींत एका नोंदणीत सर्व परवानाधारक साइट बंद होतात. जुना पत्ता किंवा ईमेल राहिला तर जुळणी चुकते, तेव्हा तपशील बदलला की तिथेही बदला. बिनपरवाना साइट यात येतच नाहीत. त्यासाठी बँकेत जुगाराचे व्यवहार रोखून घ्या. पैसे घेणाऱ्याचा धंदा कोणता हे सांगणारा वर्गवारी क्रमांक असतो, जुगाराचा ७९९५; बँक त्यावरून ते ओळखते. साइटने दुसराच क्रमांक लावला तर व्यवहार निसटतो. खरी गळती तिथे आहे, आणि तिच्यावर पेमेंट कंपन्यांना जबाबदार धरणं हाच उपाय.