फुकेतहून शिडाच्या बोटीने सात दिवस: ही आखणी जमेल का?

दोरखंड

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत थायलंडमधल्या फुकेतला सात दिवसांसाठी शिडाची बोट भाड्याने घेतोय. कप्तान नाही, आमचे आम्हीच चौघं: मी, बायको, मेव्हणा आणि त्याची बायको. बोट ३८ फुटी मोनोहल, म्हणजे एकाच सांगाड्याची, पाण्याखाली २ मीटर. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे, पण खरं सांगतो, बहुतेक शिकणं तळ्यात झालंय. समुद्रावर सुकाणू दोनदाच धरलं आणि दोन्ही वेळा शिकवणारा शेजारी बसून होता.

आखणी अशी: पहिल्या दिवशी आओ पो मरीनाहून निघून फांग नगा उपसागरातलं को फनाक. मग को हाँग, रायले, फी फी, राचा याई, सहाव्या दिवशी सिमिलन, सातव्या दिवशी परत. दोन बेटांमध्ये सरासरी चार तास धरलेत.

प्रश्न तीन. हे जमेल का? रात्री नांगर सुटला तर कळणार कसं, कोणी जागं राहतं का? आणि मेव्हणा कॅटमरान (दोन सांगाडे जोडलेली बोट) घेऊ म्हणून हटून बसलाय, त्याच्या बायकोला बोट लागते म्हणून. त्याचं ऐकू का?

उलटा_वारा

सिमिलन काढून टाका. बाकीचं नंतर बोलू.

नाळेवरची

उलटा_वारा यांनी एका ओळीत सांगितलं, मी जरा फोड करते. राचा याई ते सिमिलन सत्तरहून जास्त सागरी मैल आहे. तुमची बोट ताशी पाच मैल गेली तरी चौदा-पंधरा तास. म्हणजे काळोखात निघायचं नाहीतर काळोखात पोचायचं, आणि दुसऱ्याच दिवशी बोट परत द्यायची. सिमिलन सुंदर आहे यात वाद नाही, पण त्यासाठी वेगळा आठवडा काढा. तोही १६ मेच्या आधी, पुढे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते राष्ट्रीय उद्यान बंद असतं.

आम्ही नवरा-बायको तीन हिवाळे त्या किनाऱ्यावर गेलोय. पहिल्या वर्षी माझ्याही वहीत तुमच्यासारखीच बेटांची यादी होती. आता वहीत आधी भरती-ओहोटीच्या वेळा लिहिते, मग त्यात बसतील तेवढी बेटं. फुकेतचं कोष्टक को ताफाओ नोई या ठिकाणचं असतं, ते उतरवून घ्या. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, तिथे पाणी अडीच-तीन मीटर चढतं-उतरतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या छोट्या भरतीला, त्याच्या निम्म्याहूनही कमी. फांग नगाचा उत्तरेकडचा भाग इतका उथळ आहे की २ मीटरच्या बोटीला हा फरक म्हणजे तरंगणं आणि चिखलात बसणं यातला फरक. म्हणून मेव्हण्याचं ऐका. कॅटमरान पाण्याखाली सव्वा मीटरच्या आसपास असते आणि नांगरावर कमी डोलते. वाऱ्याच्या तोंडावर ती चढत नाही नीट, शीड चालवण्याची मजाही कमी, हे मी कुरकुरत मान्य करते.

आता को फनाक. त्या बेटाच्या पोटात गुहेतून कयाकने जायचं आणि पलीकडे वर उघडं आकाश, चारी बाजूंनी चुनखडीच्या भिंती. यालाच हाँग म्हणतात, थायमध्ये अर्थ 'खोली', म्हणजे दालन. आम्ही पहिल्यांदा गेलो ते भरती चालू असताना. शिरताना डोक्यावर हात उंच करता येत होता. आत माकडं बघत, फोटो काढत पाऊण तास गेला. परत गुहेच्या तोंडाशी आलो तर छत खाली आलंय! अर्थात छत जागेवरच होतं. तीन मीटरच्या भरतीत तिसऱ्या आणि चौथ्या तासाला पाणी तासाला पाऊण मीटर चढतं, हे मला तोंडपाठ होतं, पण ते कागदावर. कयाकमध्ये उताणे झोपून, छताला हाताने ढकलत बाहेर आलो. नवऱ्याच्या नाकाचं साल गेलं, ते तो अजून 'वटवाघळाने ओरबाडलं' म्हणून सांगतो. तेव्हा हाँगमध्ये ओहोटी लागल्यावरच शिरा. अंदाज चुकला तर फार तर चिखलात अडकाल, छत मात्र वरवर जात राहील. डोक्याला दिवा हवाच.

आणि को हाँग नावाची दोन बेटं आहेत, एक फांग नगात, एक क्राबीच्या बाजूला. नकाशात कुठलं टाकलंय ते बघा. रायलेला जाताना वाटेत क्राबीचं पडतं.

नांगराचं. रात्रभर कोणी जागत नाही. फोनवर आणि चार्टप्लॉटरवर (बोटीवरचा नकाशाचा पडदा) नांगराचा गजर लावता येतो, बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजतो. पण गजराच्या आधी साखळी. पाण्याची खोली मोजताना पूर्ण भरतीची धरा. समजा ओहोटीला ६ मीटर आहे, त्यात ३ मीटर भरती, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची १ मीटर, झाले १०. त्याच्या पाचपट, ५० मीटर साखळी सोडा. मग इंजिन हळूच मागे घेऊन ताण द्या, किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचा एक कडा एका रेषेत धरा. दोन्ही जागेवर राहिले म्हणजे नांगर धरला. फांग नगाचा चिखल नांगर छान धरतो, पण उचलताना साखळीबरोबर वर येतो आणि सगळी बोट माखतो.

एक खासगी सल्ला. नांगर टाकताना एक जण नाळेवर, एक सुकाणूवर. इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, मग ओरडाओरडी, मग शेजारच्या बोटींची करमणूक. निघण्याआधी हाताच्या पाच खुणा ठरवा. आमचा संसार त्यावर टिकलाय.

पोवळं

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. फांग नगाचं पाणी हिरवं, गढूळ. तिथे खोलीमापकावर चाला. फी फी आणि राचाला पाणी स्वच्छ, तिथे डोळ्यांवर. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे खाली वाळू, तपकिरी दिसलं की पोवळं, लांब राहा. हे दिसायला ऊन डोक्यावर किंवा पाठीशी हवं आणि डोळ्यांना पोलरॉइड गॉगल. दुपारी चारनंतर पश्चिमेकडे तोंड करून आत शिरायला गेलात तर समोर नुसता चकचकाट. तिकडे सूर्य बुडाला की अर्ध्या तासात मिट्ट काळोख होतो, आपल्याला वाटतं संध्याकाळ रेंगाळेल.

पोवळ्यावर नांगर टाकू नका. उद्यानांच्या हद्दीत ते बेकायदा आहे. बोया (तळाला बांधलेले तरंगते गोळे) असतील तिथे बोयाला बांधा, पण आधी पाण्यात उतरून त्याची दोरी झिजली नाही ना ते बघा.

फी फीला माया बे बघायचा असेल तर बोट आत नेता येत नाही. २०१८ मध्ये तो बंद केला, २०२२ च्या जानेवारीत उघडला, तेव्हापासून मागच्या बाजूच्या लो सामाहला उतरून चालत जायचं.

कोळ्यांच्या जाळ्यांवर काठी आणि फडकं असतं, दिवा असेलच असं नाही. आमच्या बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात एकदा दोरी गुंतली. इंजिन लगेच न्यूट्रल, मग पूर्ण बंद, किल्ली खिशात, मगच सुरी घेऊन खाली. किल्ली खिशात हे विसरू नका. आणि डंखावर ओतायला व्हिनेगरची बाटली ठेवा, त्या पाण्यात बॉक्स जेलीफिश असतात.

दोरखंड

सगळ्यांचे आभार. मेव्हण्याला धागा दाखवला, तो आता दोन दिवस ऐकवणार.

नवी आखणी: को फनाक दोन रात्री, क्राबीचं को हाँग, रायले, फी फी दोन रात्री, परत आओ पो. राचाही काढलं. एकच शंका. रायलेला डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) ओढून ठेवली आणि जेवायला गेलो तर चालेल ना?

नाळेवरची

पाणी चढतंय की उतरतंय ते बघून. ओहोटीत ठेवलीत तर परत येईपर्यंत पाणी शंभर पावलं मागे गेलेलं असतं आणि इंजिनासकट ती डिंगी चौघांनी चिखलातून उचलायची असते. भरतीत ठेवलीत तर लांब दोरी झाडाला बांधा, नाहीतर ती तुमच्याशिवायच निघेल. आम्ही दोन्ही करून पाहिलंय. पहिल्या प्रकारात चपला गेल्या.

उलटा_वारा

फी फी ते आओ पो सुमारे २८ मैल आहे आणि बोट बहुधा दुपारी परत मागतील. शेवटची रात्र फी फीला नको, को याओ याईच्या आसपास काढा.