शाळेला नाव द्यायचंय. शंभर वर्षांपूर्वी जागा कुणी दिली ते कसं शोधायचं?

माहेरवाशीण

नमस्कार मंडळी,

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, मलप्रभेच्या काठावरचं लहान गाव. सासर बेळगावात, टिळकवाडीला. आमच्या गावच्या मराठी शाळेला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतात. पाटीवर नाव असं काही नाहीच. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत 'सरकारी पूर्ण प्राथमिक मराठी शाळा', मग गाव, तालुका, जिल्हा. शताब्दीला शाळेला नाव द्यायचं असं एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या, बैठकीत ठरलं आणि तिथंच गाडं अडलं. कुणी म्हणतं एखाद्या मोठ्या राष्ट्रपुरुषाचं द्या. कुणी म्हणतं, गेल्या साली ज्यांनी बाकं आणि रंग दिला त्यांच्या वडिलांचं द्या.

माझ्या मनात तिसरंच आहे. माझी आजी सांगायची, "साळंची जागा एका बाईनं दिली गं. मागचा फणस तोडायचा नाही, एवढीच तिची अट." तो फणस अजून उभा आहे. त्याचे गरे आम्ही सगळ्यांनी खाल्ले, पण ती बाई कोण हे गावात आज एकालाही सांगता येत नाही. आजीला जाऊन नऊ वर्षं झाली. मी तेव्हाच नाव विचारून ठेवायला हवं होतं.

हे डोक्यात असतानाच परवा रिक्षात मुलीनं विचारलं, "आई, आरपीडी क्रॉस, आरपीडी क्रॉस म्हणतात, ती आरपीडी कोण?" मी इथं वीस वर्षं राहते आणि मला उत्तर देता आलं नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जागा देणाऱ्याचा शोध कुठल्या कागदात घ्यायचा? आणि आपल्या भागातल्या शाळा-कॉलेजांच्या नावामागची माणसं कुणाला ठाऊक असतील तर सांगा. बैठकीत चार उदाहरणं ठेवता आली तर माझं म्हणणं पटेल.

निवृत्त बाई

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळांत शिकवलं, त्यातली अकरा खानापूर तालुक्यात, जिथं पावसाळ्यात ओढा भरला की दोन-दोन दिवस शाळेतच मुक्काम पडायचा. आधी मुलीला उत्तर देऊया.

आरपीडी म्हणजे राणी पार्वतीदेवी, सावंतवाडीच्या. पती बापूसाहेब महाराज 1937 साली गेले, मुलगा लहान, म्हणून संस्थानाचा कारभार त्यांनी सांभाळला. साउथ कोंकण एज्युकेशन सोसायटी 1919 ची, तिनं 1945 साली बेळगावात काढलेलं कॉलेज त्यांच्या नावाचं. सावंतवाडीतही त्यांच्या नावाचं हायस्कूल आहे. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, तेव्हा बेळगावचा आणि त्या मुलखाचा संबंध किती जवळचा ते वेगळं सांगायला नको. त्याच आवारात जीएसएस कॉलेज आहे. ते गोविंदराम सेक्सरिया, मुंबईचे कापसाचे मोठे व्यापारी. आणि थळकवाडी हायस्कूल! टिळकवाडीचं जुनं नाव थळकवाडी. वस्तीची पाटी बदलली, लोकमान्यांचं नाव आलं, ते योग्यच झालं. पण जुनं नाव जिवंत राहिलं ते शाळेमुळं. मुलीला हे जरूर सांगा.

वाईट वाटतं ते या अद्याक्षरांचं. आपण माणसाचं नाव देतो आणि पन्नास वर्षांत त्याची तीन इंग्रजी अक्षरं करून टाकतो. 'जीए' हायस्कूलला शिकलेल्या कितीतरी जणांना मी विचारलं आहे. गिलगंची आणि अरटाळ ही दोन माणसं, हे फार थोड्यांना माहीत. गिलगंची गुरुसिद्धप्पा आणि अरटाळ रुद्रगौडा. लिंगायत समाजातल्या मुलांना शिकता यावं म्हणून ज्यांनी पैसा उभा केला, त्यांतले हे दोघे. केएलई, म्हणजे कर्नाटक लिंगायत एज्युकेशन, ही संस्था 1916 च्या नोव्हेंबरात सात शिक्षकांनी सुरू केली, तिची ही पहिली शाळा. सात मास्तरांनी! आज त्या संस्थेचं एवढं मोठं हॉस्पिटल आहे, मेडिकल कॉलेज आहे, पण मुळात खडू हातात धरणारी सात माणसं होती, हे मी प्रत्येक वर्गात सांगत आले.

लिंगराज कॉलेजचंही तसंच. शिरसंगीचे लिंगराज देसाई, 1861 ते 1906. पंचेचाळीस वर्षांचं आयुष्य, आणि जाताना सगळी मालमत्ता मृत्युपत्रानं मुलांच्या शिक्षणासाठी. कॉलेज 1933 साली निघालं, म्हणजे त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही. आर. एल. लॉ कॉलेज आणि आरएलएस हे सायन्सचं कॉलेज, दोन्ही वंटमुरीच्या राजा लखमगौडा सरदेसाईंच्या नावाची. हिडकलच्या धरणालाही त्यांचंच नाव आहे. बैठकीत कुणी 'हे कानडी नावांचं काय सांगता' म्हणालं तर ऐकून घेऊ नका. माझे थोरले भाऊ लिंगराजला शिकले, घरी मराठी बोलत.

बेननस्मिथ हायस्कूल घ्या. मी स्वतः कितीतरी वर्षं तो एकच साहेब समजत होते. ते दोघे : विल्यम बेनन आणि जेम्स स्मिथ, लंडन मिशनरी सोसायटीचे पाद्री. त्या मिशनचं काम बेळगावात 1820 सालापासूनचं. आणि सरदार्स हायस्कूल ऐकून मुलं हटकून वल्लभभाई पटेल सांगतात. नावातला शेवटचा 'स' बघा. एक सरदार नव्हे, अनेक. दक्षिण मराठा मुलखातले सरदार-जहागीरदार.

आता तुमच्या फणसाच्या बाईकडे येते. हे महत्त्वाचं, नीट वाचा.

पहिलं म्हणजे शाळेतलं जुनं दाखल-खारीज रजिस्टर. हेडमास्तरांच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात, बहुतेक कसरीनं खाल्लेलं मिळेल. त्यात जागेची नोंद नसते, पण शाळा कुठल्या तारखेला सुरू झाली ते पहिल्या पानावरून कळतं. त्याहून मोलाचं शेरेबुक. पूर्वी दिपोटी साहेब, म्हणजे शिक्षण खात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासणीला यायचे आणि जाताना शेरा लिहायचे : पट किती, मास्तर कोण, शाळा कुठं भरते. तेव्हा बहुतेक गावांत शाळा देवळातच भरायची. ज्या वर्षी 'देवळात भरते' हे लिहायचं थांबलं, ते तुमच्या इमारतीचं वर्ष.

ते वर्ष हाती घेऊन तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूमला जा. नुसता आजचा आरटीसी, म्हणजे जमिनीचा उतारा, काढून उपयोग नाही, त्यावर शिक्षण खात्याचं किंवा शाळेचं नाव दिसेल. त्या सर्व्हे नंबरचे जुने फेरफार मागा. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळं खानापूरकडचे जुने कागद बरेच मराठीत आहेत. काही मोडीत असतील, घाबरू नका, मोडी वाचणारे अजून आहेत.

आणि एक लक्षात ठेवा. बाईचं नाव शोधताना 'कोम' हा शब्द बघा. पुरुषाच्या नावापुढं 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, बाईच्या नावापुढं 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. तरुण कारकुनांना तो शब्द कळत नाही, ते नवऱ्याचंच नाव वाचून दाखवतात. बाईचं नाव असं कागदावर असूनही हरवतं.

शहापूरचा

बाईंनी सगळं सांगितलं, पण आमचं शहापूर राहिलं!

मी चिंतामणराव हायस्कूलचा. आमचे आजोबा मागावर बसायचे, वडील बसायचे, शहापुरी साड्या विणायच्या. आजोबा 'बेळगावला जाऊन येतो' म्हणायचे तेव्हा मला हसू यायचं, कारण बेळगाव म्हणजे कपिलेश्वराच्या पलीकडं, पाच मिनिटांवर. मोठेपणी कळलं की त्यांचं बरोबर होतं. शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडं. सगळीकडून इंग्रजी हद्द, मधे आमचं संस्थानी शहापूर. 1948 ला संस्थानं विलीन झाली आणि ती हद्द पुसली. आता रस्त्यावर तिची काही खूण नाही. शाळेचं नाव तेवढं आहे. चिंतामणराव म्हणजे सांगलीचे पटवर्धन. त्या घराण्यात हे नाव पुन्हा आलेलं आहे : 1801 मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन सांगली घेतली तेही चिंतामणराव, आणि विलीनीकरणाच्या वेळी गादीवर होते तेही चिंतामणराव.

आमच्या एका सरांनी आठवीच्या पहिल्याच तासाला फळ्यावर नकाशा काढून ही हद्द दाखवली होती. इतिहासाचं तेवढंच एक पान मला आजवर तोंडपाठ आहे.

चंदगड रोड

मला वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका. आमच्या गावच्या शाळेला दहा वर्षांपूर्वी थाटात नाव दिलं. कमान उभी केली. आज पट सतरा आहे. नावासाठी जेवढ्या बैठका झाल्या तेवढ्या पटासाठी झाल्या असत्या तर बरं झालं असतं. आधी मुलं टिकवा, ताई.

माहेरवाशीण

राग कसला, दादा. आमचा पट बेचाळीस आहे आणि मलाही रात्री तीच काळजी असते. पण मला वाटतं की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. गेल्या रविवारी मी सहावी-सातवीच्या मुलांना फणसाखाली बसवून एवढंच सांगितलं की हे झाड एका बाईनं राखायला सांगितलं होतं आणि ती कोण ते आपल्याला शोधायचंय. दुसऱ्या दिवशी चौदा मुलांनी घरी आजी-पणजीला विचारून आणलं होतं! एकानं सांगितलं की शाळेचे चिरे लोकांनी डोक्यावरून वाहिले. एकीच्या पणजोबांनी कौलं खानापुरातून बैलगाडीनं आणली होती. यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. ज्या शाळेत आपल्या पणज्यानं चिरा वाहिला, तिथून पोराचं नाव काढताना माणूस एकदा तरी थांबेल, असं मला मनापासून वाटतं.

बाई, शेरेबुक सापडलं. कपाटात नव्हतं, पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत होतं.

निवृत्त बाई

फोटो काढून ठेवा आधी! प्रत्येक पानाचा. पानं उलटताना खाली जाड कागद धरा, तुकडे पडतात.

माहेरवाशीण

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

बाईंनी सांगितलं अगदी तसंच झालं. शेरेबुकात पहिली सहा वर्षं शाळा रवळनाथाच्या देवळात. सातव्या वर्षाच्या शेऱ्यात नवी इमारत, चिऱ्यांची, कौलारू, दोन खोल्या. ते वर्ष घेऊन रेकॉर्ड रूमला तीन हेलपाटे घातले. तिसऱ्या दिवशी फेरफार निघाला. कारकून मुलगा चांगला होता, पण त्यानं नवऱ्याचंच नाव वाचलं. मी म्हटलं, त्याच्या आधी काय लिहिलंय ते वाचा. 'कोम' होतं. त्याच्या आधी तिचं नाव होतं.

सहा गुंठे जागा. खाली अंगठा, आणि अंगठ्याशेजारी दुसऱ्या कुणीतरी तिचं नाव लिहिलेलं. शाळेला जागा देणाऱ्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. मी तिथंच बाकावर बसून राहिले थोडा वेळ.

फणसाची अट कागदात कुठंच नाही. ती तोंडी होती आणि लोकांनी पाळली.

तिचं नाव इथं लिहीत नाही, कारण घरच्यांना अजून पुरतं विचारून झालेलं नाही. तिचे पणतू नंदगडला असतात, भुईमुगाचा धंदा आहे. परवा जाऊन आले. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या आईनं मात्र कागदाचा फोटो बराच वेळ बघितला आणि एकच सांगितलं : पाटीवर नाव घालाल तर आख्खं घाला, दोन अक्षरं करू नका. मी बाईंचं आरपीडीचं प्रकरण त्यांना सांगितलेलंही नव्हतं.

एसडीएमसीत अजून एकमत नाही. बाकं देणाऱ्यांचे लोक नाराज आहेत. त्यांना मी सांगितलं की नव्या खोलीला तुमच्या वडिलांचं नाव द्या, मी स्वतः ठराव मांडते. शनिवारी बैठक आहे. ठराव झाला की क्षेत्रशिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज द्यायचा. मराठी अर्ज माझा तयार आहे, सोबत कन्नडमध्येही द्यायचा आहे. माझं कन्नड बाजारापुरतं. कुणी मसुदा तपासून देईल का?

शहापूरचा

पाठवा की ताई. आज मुलीच्या परीक्षेमुळं उशिरापर्यंत जागाच आहे, रात्रीत बघून देतो. त्या बाईंच्या नावाचं कन्नड स्पेलिंग घरच्यांना विचारून घ्या आधी, 'ळ' असेल तर हटकून चुकतं.