इंग्रजीतला ‘-एड’ म्हणजे मुळात ‘केलं’च का?

अनुस्वार:
‘लव्ह्ड’मधला शेवटचा ‘ड’ हे मुळात अख्खं क्रियापद आहे, असं माझं ठाम मत आहे. आद्य-जर्मानिक म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरेंची पूर्वज भाषा. तिच्यातलं *दोनँ (तारा म्हणजे तर्काने मांडलेलं रूप), म्हणजे करणे. इंग्रजी ‘डू’ आणि जर्मन ‘टून’ त्याचेच वंशज. त्यामागचा धातू संस्कृत ‘दधाति’तला धा, म्हणजे ठेवणे. ‘सिंग-सँग’सारखा स्वर बदलून ज्यांचा भूतकाळ होईना, अशा प्रयोजक (बसवणे, करवणे यांसारख्या) क्रियापदांना आणि नामधातूंना (नामांपासून बनलेल्या क्रियापदांना) ‘केलं’ची जोड मिळाली. संस्कृतातही प्रयोजकांचं असंच होतं: गमयाञ्चकार, म्हणजे ‘जायला लावलं’, त्यातलं ‘चकार’ म्हणजे केलं.

काकपद:
गमयाञ्चकारने फक्त एवढंच कळतं की असं घडू शकतं. दुसरी वाट तर मराठीतच आहे. गत, कृत या विशेषणांवरूनच आपले गेला, केला आले. जर्मानिकमध्येही भूतकाळ त-प्रत्ययाच्या विशेषणातून का आला नसेल? गॉथिक या जुन्या, आता लोपलेल्या जर्मानिक भाषेत ‘विचार केला’ला ‘थाह्ता’ म्हणत. धा-तल्या ध चा जर्मानिकमध्ये द होतो, त होत नाही. उलट मूळचा त हा ह-नंतर तसाच राहतो, हे ग्रिमच्या नियमाला (जर्मानिकमध्ये व्यंजनं कशी बदलली ते सांगणाऱ्या) धरूनच आहे.

अनुस्वार:
अशी त-वाली क्रियापदं मोजकी आहेत, त्यांच्यावर विशेषणाची छाप पडली असणार. पण गॉथिकचा ‘आम्ही’साठीचा प्रत्यय बघा: -देदुम. जुन्या जर्मनमध्ये ‘आम्ही केलं’ म्हणजे ‘तातुम’, तिथले दोन्ही त म्हणजे मूळचे द. हा दुसरा द कुठल्या विशेषणातून आणणार? शिवाय गॉथिकमध्ये *दोनँ स्वतंत्र क्रियापद म्हणून उरलेलंच नाही, तिथे करणे म्हणजे ‘तौयान’. म्हणजे ही जोडणी गॉथिक वेगळी होण्याआधीची.

रेफ:
गालेहुसचं सोन्याचं शिंग आठवलं. डेन्मार्कमध्ये १७३४ साली सापडलं आणि १८०२ मध्ये चोराने वितळवलं. फार मोठं नुकसान झालं ते. त्यावर साधारण इ. स. ४०० मधला रूनिक (जुन्या जर्मानिक लिपीतला) लेख होता: ‘एक ह्लेवागास्तिझ होल्तियाझ होर्ना तविदो’, म्हणजे मी, ह्लेवागास्तिझ होल्तियाझने, शिंग केलं. इथे ‘तवि-’ म्हणजेच करणे, आणि त्याच्याही मागे ‘-दो’. ‘-दो’चा मूळ अर्थ काहीही असो, तोवर तो निव्वळ प्रत्यय झाला होता.

काकपद:
ते मान्य. पण -देदुम एकट्या गॉथिकमध्ये आहे. जुन्या नॉर्समध्ये, जुन्या इंग्रजीत तो दुसरा द दिसत नाही. एका भाषेच्या बहुवचनावरून अख्ख्या कुळाचा भूतकाळ ठरवायला मी तयार नाही. ‘छाप पडली असणार’ एवढ्याने थाह्तातला त सुटत नाही, आणि तो सुटेपर्यंत मी विशेषणाच्याच बाजूला.