ताडोब्याला मुक्काम कुठे? चंद्रपूर, मोहर्ली की चिमूर? (चोपड्याहून जाणार आहोत)

चोपडेकरीण
नमस्कार मंडळी. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की ताडोब्याला जायचं घरात पक्कं झालंय. आम्ही सहा जण. मी, हे, दोन मुलं, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासऱ्यांना कुठेही गेलं तरी ताटात भाकरी लागते, आणि धाकट्याला घाटात गाडी लागते.

यांचं म्हणणं, चंद्रपूर शहर आहे, हॉटेलं भरपूर, दवाखाना जवळ, तिथेच राहू. दीर म्हणतो मोहर्लीशिवाय मजा नाही. एका ट्रॅव्हलवाल्याने चिमूर सुचवलं, कोलारा गेट "हे काय, बाजूलाच" म्हणाला. नकाशात मला तर तिन्ही जंगलाच्या कडेलाच दिसतात. सफारी अजून बुक केलेली नाही, आधी राहायची सोय बघतेय. कोणी जाऊन आलंय का?

रावेरचा_शेतकरी
ताई, एवढं लांब कशाला? बुऱ्हाणपूर-धारणी रस्त्याने निघा, मेळघाट. सेमाडोहला राहा, नाहीतर कोलकासला सिपनेच्या काठी. सागाचं जंगल, गवे, अस्वल. वाघ दिसेलच असं नाही, पण जंगल म्हणजे नुसता वाघ थोडाच?

चोपडेकरीण
दादा, पटतंय. पण मोठ्याने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय की वाघ बघून येणार. आता माघार नाही.

भुसावळचा_गार्ड (निवृत्त)
ताई, आधी सफारी, मग खोली. तुम्ही उलट्या टोकाने धरलंय. सगळेच धरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

ताडोब्यात "ताडोब्याची सफारी" असं तिकीट नसतं, गेटचं तिकीट असतं. कोअरची, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाची, गेटं मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी. ज्या गेटचं बुकिंग, त्याच गेटातून आत. चंद्रपूर आणि मोहर्ली दक्षिणेला, चिमूर-कोलारा उत्तरेला, आणि मध्ये सगळं जंगल. समजा चंद्रपुरात खोली घेतली आणि बुकिंगला बसल्यावर जागा मिळाली कोलाऱ्याची. मग भद्रावती, वरोरा करत बाहेरून वळसा, दोन-अडीच तास कुठे गेले नाहीत. मे महिन्यात सकाळची सफारी उजाडता उजाडता सुटते. सासूबाईंना काय रात्री दोनला उठवणार?

ट्रॅव्हलवाला खोटं बोलला नाही. चिमूरहून कोलारा जवळच आहे. फक्त तुम्हाला कोलारा मिळणार का, हे त्याने सांगितलं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर मोहर्लीच धरली असती. एक कारण असं की मोहर्लीच्या आसपास आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलपट्ट्याची, गेटं आहेत. कोअरची एकच सफारी मिळाली तरी दुसरी बफरची घेता येते, खोली बदलावी लागत नाही. आणि बफरला कमी समजू नका. वाघाला कोअर-बफरची हद्द कोणी दाखवून दिलेली नाही. दुसरं म्हणजे चंद्रपूर तिथून पंचवीस-तीस किलोमीटर. दवाखान्याची तुमच्या यजमानांची काळजी तेवढ्यात मिटते. एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, गावात होमस्टे आहेत, बाजूला इरई धरणाचं पाणी.

चिमूर वाईट नाही. नागपूरहून शंभरेक किलोमीटरच पडतं, मोहर्लीपेक्षा कमी, म्हणून नागपूर-पुण्याकडची मंडळी तिकडून जातात. कोलारा-नवेगाव मिळालं तर बिनधास्त तिकडे जा, फक्त मग चंद्रपूरचं नाव काढू नका.

आता गाडीचं. चोपड्याहून जळगाव गाठा, रात्रीची सेवाग्राम एक्सप्रेस धरा, झोपून नागपूर. तिथून दिल्ली-चेन्नई लाइनच्या गाड्या पुष्कळ. सेवाग्राम, हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर. पुढचं मोठं स्टेशन बल्लारशा, म्हणून डोळा लागू देऊ नका. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर अकोल्यावरून दहा तास धरा, आणि मे महिन्यात लहान मुलं घेऊन ते करू नका असं माझं मत.

जिप्सीचं कोणी सांगत नाही ते सांगतो. सहा पर्यटक, शिवाय गाइड आणि ड्रायव्हर. म्हणजे तुमचं घर एका गाडीत बसतं, हे बरं झालं. चढायला लोखंडी पायरी असते, पण तिची उंची सासूबाईंच्या गुडघ्यांना मानवणारी नाही. घरातल्या दोघांनी आधार द्यायचा आणि त्यांना ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर बसवायचं. मागचा बाक उंच, फोटोवाल्यांना आवडतो, पण खड्डा आला की तिथला माणूस बाकावरून सुटतो. तिथे मोठ्याला बसवा, त्याला मजा वाटेल. लाल धूळ एवढी की पांढरा रुमाल परत पांढरा होत नाही, सगळ्यांना गमछे घ्या.

गेटवर अंधारात बॅटरी मारून बुकिंगच्या कागदावरचं नाव आणि ओळखपत्र जुळवतात. मूळ ओळखपत्र, झेरॉक्स नाही. आणि कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, हे मुलांना घरीच सांगून ठेवा, नाहीतर गेटवर रडारड.

धुळ्याची_मावशी
गार्डसाहेबांचं सगळं मान्य, पण मे महिना आहे हो. दुपारच्या सफारीत वारा म्हणजे भट्टीतली वाफ. खोलीला चालणारा एसी आहे ना, लाइट गेली तर जनरेटर आहे ना, हे फोन करून विचारा. नसेल तर मी चंद्रपूरच घेईन आणि पहाटे जरा लवकर निघेन. म्हाताऱ्या माणसांना दुपारी बाहेर काढूच नये.

भुसावळचा_गार्ड (निवृत्त)
मावशी, ऊन आपल्याला काय नवीन? जळगाव आणि चंद्रपूर, दोघांत जास्त कोण तापतं यावर दरवर्षी पैज लागते. पण एसी-जनरेटरचं बरोबर आहे, विचाराच. दुपारच्या सफारीला सासू-सासरे खोलीवर राहिले तरी बिघडत नाही. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून तर लोक मे महिन्यात जातात, त्यामुळे मुलांनी मात्र दुपार चुकवू नये.

चोपडेकरीण
खूप उपयोग झाला. रात्रीच बुकिंगला बसलो. सोमवारी दुपारी आगरझरी आणि बुधवारी सकाळी मोहर्ली मिळालं, दोन्ही एकाच बाजूचं! मंगळवारी साइटवर काहीच दाखवत नाही, सगळं भरलंय का?

भुसावळचा_गार्ड (निवृत्त)
भरलेलं नाही, मंगळवारी ताडोबा बंद असतो. तो दिवस चंद्रपूरला द्या. महाकालीचं दर्शन, गोंड राजांच्या किल्ल्याची वेस बघा, उन्हं चढायच्या आत परत या. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही मध्ये एक दिवस सुट्टी मिळेल.

भाकरीचं विचारायचं राहिलं. होमस्टे घेतलात तर बुक करतानाच विचारा, ज्वारीची भाकरी बहुतेक ठिकाणी थापून देतात. कळण्याची मिळायची नाही, पीठ सोबत न्या. गाडीसाठी दशम्या आणि ठेचा आहेच.

आणि परतीचं तिकीट बुधवार दुपारचं काढू नका. सकाळची सफारी संपून खोलीवर येईपर्यंत अकरा वाजतात, अंघोळी, सामान, मग चंद्रपूर, मग नागपूर. नागपूरहून रात्रीची गाडी काढा.

चोपडेकरीण
रात्रीचीच काढते. सासरे विचारतायत, पीठ किती न्यायचं?

धुळ्याची_मावशी
दोन किलो पुरे. पण डबा स्टीलचा घ्या, पिशवी नको, जिप्सीतल्या धुळीची एकदा गाठ पडली की कळेल.

रावेरचा_शेतकरी
पीठ जिप्सीत कशाला नेताय, खोलीवर ठेवा की.