मदत हवी आहे: बाथरूम नव्याने करताना पाणी वाचवण्यासाठी भिंती बंद व्हायच्या आत काय करून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

पुण्यात धायरीत पाच मजली इमारतीत आमचा पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे. खालच्यांच्या छताला ओल आली, म्हणून बाथरूम उखडून वॉटरप्रूफिंगसकट नव्याने करतोय. टाइल्स घरच्यांनी पसंत केल्यात. मला काळजी आहे पाण्याची. नळाचं पाणी थोडा वेळ येतं, बाकी सगळं बोअर आणि टँकरवर. उन्हाळा लागला की टँकरच्या खर्चाने मेंटेनन्स वाढतो, आणि एखाद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की शुक्रवारीसुद्धा धार बारीकच. भिंती एकदा बंद झाल्या की पुन्हा कोण फोडणार? म्हणून आत्ताच विचारतो.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो सकाळी. सोलर गच्चीवर, आम्ही पहिल्या मजल्यावर. गरम पाणी यायच्या आधी पाइपमधलं गार पाणी अर्धी बादली तरी येतं. आई ते बाजूला काढून फरशी पुसायला वापरते, पण शॉवर घेणाऱ्यांचं थेट नहाणीत जातं. ठेकेदार म्हणतो, पाइप मोठा टाकू, प्रेशर छान मिळेल. मला हे पटत नाही. आतून 20 मिमीचा पाइप मीटरमागे सुमारे 300 मिली पाणी धरून ठेवतो. म्हणजे जितका जाड पाइप, तितकं जास्त गार पाणी वाया. माझं काही चुकतंय का?

दुसरं, कमोड. जुनी टाकी एका फ्लशला 10 लिटरच्या आसपास पाणी सोडते. कमोड तसाच ठेवून नुसती 3/6 लिटरची ड्युअल फ्लश टाकी (दोन बटणांची, एकाने 3 आणि दुसऱ्याने 6 लिटर सोडणारी) लावली तर चालेल का? आणि आंघोळीचं पाणी फ्लशला फिरवणं कुणी घरात केलंय का?

आई बादली-तांब्यानेच आंघोळ करते, तेव्हा बादलीचा नळ राहणारच.

प्रतिसाद 1

पाइपचं तुमचं बरोबर आहे. व्यास निम्मा केला की आतलं पाणी पाव होतं. सोलरची उभी लाइन सोसायटीची, तिला हात लावता येणार नाही. पण डक्टपासून (इमारतीचे उभे पाइप जातात ती पोकळी) शॉवरपर्यंतची गरम लाइन अर्ध्या इंचाची आणि जवळच्या रस्त्याने न्या, भिंतीत घालण्याआधी तिला इन्सुलेशन चढवा. गच्चीवरच्या टाकीपासून तुम्ही बरेच खाली आहात, प्रेशर पुरेल.

जुन्या कमोडवर नवी टाकी बसवू नका. तो कमोड जास्त पाण्यासाठी घडवलेला असतो. 3 लिटरमध्ये साफ होत नाही, माणूस दोनदा फ्लश करतो आणि बचत तिथेच संपते. दोन्ही एकत्र, एकमेकांसाठी बनवलेलेच घ्या. टाकी भिंतीत लपवणार असाल तर बटणाची प्लेट काढून आत हात जाईल याची खात्री करून घ्या. आतला वॉशर गळायला लागला तर पाणी गुपचूप वाहत राहतं. टाकीत खायचा रंग टाकायचा आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. कमोडमध्ये रंग उतरला तर गळती आहे.

प्रतिसाद 2

आंघोळीचं पाणी साठवायच्या भानगडीत फ्लॅटमध्ये पडू नका. साबणाचं पाणी दिवसभरात वास मारतं, गाळणी सारखी धुवावी लागते. त्यापेक्षा फ्लशची लाइन वेगळी काढून बोअरच्या टाकीला जोडता येते का ते सोसायटीत विचारा. नळाचं पाणी त्यात जायला नको.

नवा शॉवर विकत घ्यायच्या आधी जुन्या शॉवरखाली बादली धरून मिनिटाला किती लिटर पडतं ते मोजा. नळांना एरेटर (तोंडाशी बसणारी, धारेत हवा मिसळणारी जाळी) जरूर लावा, मात्र बोअरच्या क्षाराने जाळी बुजते. अधूनमधून काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. अर्धा इंच पाइप आणि कमोड-टाकीचा सेट ठरला. बोअरच्या टाकीचं सेक्रेटरींशी बोलतो. त्यांनी लगेच होकार दिला नाही, तरी फ्लशसाठी वेगळा पाइप आत्ताच भिंतीत टाकून डक्टमध्ये बूच मारून ठेवला तर पुढे जोडता येईल ना? असं कुणी केलं असेल तर कृपया सांगा, तोडफोड रविवारी सुरू होतेय.